स्वतःची चौकट झाकून

सगळे पडद्यावर आले, 'आवाज येतोय ना', 'मी दिसतोय ना' हे आटोपलं, की पहिल्या सत्रातली माझी पहिली सूचना ठरलेली असते. स्वतःचा चेहरा दिसतो ती छोटी चौकट बंद करा. लॅपटॉपवर तशी सोय असते. फोनवर सापडली नाही तर पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवा. बाकीच्यांना तुम्ही दिसत राहाल, फक्त तुम्ही स्वतःला दिसणार नाही. टिक्स असणाऱ्या प्रौढांसाठी मी पुण्यात बसून मराठीतून ऑनलाइन माइंडफुलनेसचे गट घेते. या सूचनेनंतर पुढच्या काही मिनिटांत जे होतं ते पाहायला मला अजूनही आवडतं. कुणाचे ताठलेले खांदे खाली येतात, कुणी खुर्चीला पाठ टेकतं, कुणी हनुवटीशी धरून ठेवलेला हात नकळत काढून घेतं. जबड्याची टिक झाकायला तो हात वर्षानुवर्षं तिथे ठेवलेला असतो.

टिक म्हणजे अचानक, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा निघणारा आवाज. डोळे मिचकावणं, मान झटकणं, खांदा उडवणं, नाक ओढणं, घसा खाकरणं, मध्येच 'हं' असा हुंकार. हालचालीच्या अनेक आणि आवाजाची किमान एक टिक असेल, सुरुवात अठराच्या आत झालेली असेल आणि वर्षाहून जास्त काळ हे चाललेलं असेल, तर त्याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. जॉर्ज जिल द ला टूरेट या फ्रेंच डॉक्टरने १८८५ मध्ये नऊ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडे बऱ्याच जणांना ते कळलं २०१८ च्या 'हिचकी' चित्रपटामुळे. टूरेट म्हणजे तोंडातून शिव्या निघणं, हा समज मात्र अजून पुसला गेलेला नाही. प्रत्यक्षात तसं साधारण दहा-पंधरा टक्के लोकांतच आढळतं. माझ्या गटातल्या बहुतेकांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो नाक ओढण्याचा आणि मानेच्या झटक्याचा.

टिक्स साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात सुरू होतात, दहा-बारा वर्षांच्या सुमारास जोर धरतात आणि बहुतेकांच्या बाबतीत तरुणपणी ओसरतात. म्हणून हा आजारच लहान मुलांचा, असं सगळे धरून चालतात. ज्यांच्या टिक्स ओसरल्या नाहीत, ती माणसं मग कुणाच्याच यादीत राहत नाहीत. लहानपणी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलेलं असतं, थेंब घातलेले असतात. नाक-कान-घसावाल्यांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिलेल्या असतात. आजीने मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढलेली असते आणि वर्गात 'माकडचाळे बंद कर' म्हणून छडीही बसलेली असते. पस्तिशी-चाळिशीला पोचेपर्यंत ते सगळं मागे पडतं आणि 'आता सवय झाली' एवढंच उरतं. सवय म्हणजे लपवण्याची सवय. नाक ओढल्यावर खिशातून रुमाल काढायचा, म्हणजे सर्दी वाटते. मानेला झटका बसला की लगेच केस मागे सारायचे. घशातून आवाज आला की त्याच सुरात पुढे गाणं गुणगुणायचं. गटातल्या एकीने तिच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची गोष्ट सांगितली. तासभर तिने एकही टिक येऊ दिली नाही. पाहुणे गेल्यावर न्हाणीघरात जाऊन कडी लावली, नळ सोडला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. समोरच्या मुलाचा चेहरा तिला आठवत नव्हता. तो काय बोलला तेही आठवत नव्हतं.

दाबलेल्या टिक्स नंतर दुप्पट जोराने उसळतात, असं पुष्कळ जण सांगतात. प्रयोगांमध्ये ते ठामपणे दिसलेलं नाही. पण दाबण्यासाठी जे लक्ष खर्ची पडतं, त्याचं काय? त्या तासात ती मुलगी त्या खोलीत नव्हतीच, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

टिक येण्याआधी बहुतेक प्रौढांना शरीरात काहीतरी जाणवतं. डॉक्टरी भाषेत ती पूर्वसूचक ऊर्मी. कुणाला पापणीमागे दाब वाटतो, कुणाला मानेच्या एका शिरेत ओढ, कुणाला घशात काही अडकल्यासारखं. टिक झाली की घटकाभर मोकळं वाटतं आणि पुन्हा ते भरू लागतं. कोकणातल्या एका ग्रंथपालांनी ते इतकं नेमकं सांगितलं की मी आता प्रत्येक नव्या गटाला त्यांचेच शब्द सांगते: "पेरूची बी दातात अडकली की जीभ सारखी तिकडेच जाते ना मॅडम, तसं. नको म्हटलं तरी जाते." त्यांचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होतं, टिक्स सातव्या वर्षापासूनच्या. टिकच्या आधी तुम्हाला काय जाणवतं, हा प्रश्न त्यांना त्याआधी कुणीही विचारलेला नव्हता. एकाही डॉक्टरने नाही, घरच्या कुणी नाही.

इथे या कामातला खरा पेच येतो. टिककडे लक्ष गेलं की टिक वाढते. पालकांना आम्ही हेच सांगतो, दुर्लक्ष करा, बोलून दाखवू नका. टिक्सविषयी नुसतं बोलायला लागलं तरी त्या वाढतात. पहिल्या सत्रात ओळख करून देताना एकाने आपल्या भुवयांच्या टिकचं वर्णन केलं की दुसऱ्या चौकटीतल्या कुणाच्या तरी भुवया उडायला लागतात. मग ज्याला जन्मभर यापासून लक्ष दूर न्यायला शिकवलं, त्याला आठ आठवडे लक्ष द्यायला शिकवायचं कशासाठी?

माझं उत्तर असं की लक्ष दोन ठिकाणांहून देता येतं. टिक्स असलेला माणूस स्वतःकडे सतत बाहेरून पाहत असतो. समोरच्याला दिसलं का, बसमधल्या त्या बाईने वळून पाहिलं का, साहेबांच्या लक्षात आलं का. तो स्वतःच्याच समोर उभा असतो, समोरच्याचे डोळे लावून. हे लक्ष टिक वाढवतं, यात शंका नाही. आम्ही सराव करतो तो दुसऱ्या जागेचा. मानेतली ती ओढ आतून कशी लागते? कुठे सुरू होते, किती रुंद आहे, गरम की नुसती ताणलेली, वाढतेय की आहे तेवढीच? या जागेवरून पाहणाऱ्याला आपला चेहरा दिसत नाही. म्हणून तर ती चौकट झाकायची. स्वतःचा चेहरा समोर दिसत असताना आतली ऊर्मी न्याहाळणं फार थोड्यांना जमतं. ऑनलाइन सत्रांमधला हा एक मोठाच अडथळा आहे, आणि सुदैवाने तो कागदाच्या तुकड्याने दूर होतो.

माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा साचा जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात घडवला. औषधांनी न हटणाऱ्या दुखण्यांसोबत जगणाऱ्यांसाठी. त्यामागे विपश्यना, झेन आणि हठयोग आहेत, त्यामुळे विपश्यनेच्या शिबिरासाठी इगतपुरीला जाऊन आलेल्या मराठी माणसाला त्यातलं पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत लक्ष फिरवणं ओळखीचं वाटतं. माझ्या गटांत असे दोघे-तिघे नेहमी भेटतात. एक तरुण मात्र दुसऱ्याच एका मौन शिबिरातून तिसऱ्या दिवशी परत आला होता. शंभर माणसं नि:शब्द बसलेली आणि त्याच्या घशातून मिनिटा-दोन मिनिटांनी आवाज. कुणी काही बोललं नाही म्हणे. पण पुढच्या रांगेतल्या पाठी ताठ व्हायच्या, ते त्याला दिसायचं. त्याच्यासाठी मायक्रोफोन बंद करण्याचं बटण म्हणजे ध्यानाच्या खोलीचं पहिल्यांदाच उघडलेलं दार होतं. ऑनलाइन म्हणजे खऱ्या वर्गाला पर्याय म्हणून केलेली तडजोड, असं मला म्हणूनच वाटत नाही. या माणसांच्या बाबतीत कित्येकदा हाच पहिला शक्य वर्ग असतो.

तरी तो साचा जसाच्या तसा चालत नाही. ध्यान म्हटलं की श्वासापासून सुरुवात, हे सगळीकडे ठरून गेलंय. पण ज्याची टिक नाकात किंवा घशात आहे त्याला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगणं म्हणजे नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवणं. म्हणून मी तळपायांपासून सुरू करते. फरशी थंड आहे का, पायमोज्याची शिवण कुठे लागते, टाचेवर भार जास्त की चवड्यावर. श्वास आला तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, काहींच्या बाबतीत येतच नाही आणि त्याने काही बिघडत नाही. डोळे मिटायची सक्ती नाही, कारण काहींना डोळे मिटले की पापण्या आवळण्याची टिक सुरू होते. मानेची टिक जोराची असेल तर आडवं पडून, मानेखाली गुंडाळलेली चादर घेऊन. स्थिर बसणं ही इथे अट असूच शकत नाही. टिक आली तर येऊ द्यायची, तिच्याआधी काय होतं आणि नंतर काय झालं एवढं पाहायचं. आणि 'सॉरी' म्हणायचं नाही. हा एकच नियम मी कडक ठेवते आणि तोच पाळणं सगळ्यांना सर्वांत अवघड जातं.

या वाटेवर संशोधन आहे, पण थोडं आहे, आणि ते मी गटाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगते. अमेरिकेत मेन राज्यातल्या बोडिन कॉलेजच्या हॅना रीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये टिक्स असलेल्या अठरा जणांवर आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाचा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक जणांना उपयोग झाल्याचं त्यात दिसलं. पुढे त्यांनीच प्रौढांच्या ऑनलाइन गटाचा साचा तयार केला आणि त्याची लहान चाचणी २०२१ मध्ये छापून आली. अशा आकड्यांवरून मोठे दावे करता येत नाहीत. ज्याच्या पाठीशी भक्कम पुरावा आहे तो उपचार वेगळा. टिक येते आहे असं जाणवताच तिच्या आड येईल अशी दुसरी हालचाल करायची, मान झटकण्याआधी हनुवटी हलकेच आत ओढून धरायची वगैरे. त्याची मुळं ॲझ्रिन आणि नन यांच्या १९७३ मधल्या कामात आहेत. २०१० मध्ये मुलांवरच्या आणि २०१२ मध्ये प्रौढांवरच्या मोठ्या चाचण्यांत तो चांगला ठरला. माझ्याकडे येणाऱ्याला जवळपास तो उपचार देणारं कुणी असेल तर मी आधी तिकडे पाठवते. अडचण अशी की पुण्या-मुंबईबाहेर तो देणारं माणूस शोधून सापडत नाही. आणि दुसरं म्हणजे, दिवसभर आड हालचाली करत राहणं हे काहींना लपवण्याचंच नवं रूप वाटतं. ज्याने तीस वर्षं लपवलंय त्याला आणखी एक युक्ती नको असते.

गट आम्ही रात्री साडेनऊला घेतो, कारण त्या वेळी घरं त्यातल्या त्यात शांत असतात. म्हणजे फार शांत नसतातच. दोन खोल्यांच्या घरात दोन तास एकट्याला कुठे मिळणार? कुणी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसतं, कुणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून. एक शिक्षिका माळ्यावर चटई टाकून बसायच्या, त्यांच्या मागे गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब दिसायचे. चालत करायचा सराव असला की हॉल ते मोरी अशा आठ-दहा पावलांत करायचा. वीज जाते, नेटवर्क जातं, मध्येच कुणाचं पोर येऊन पाणी मागतं.

सहाव्या आठवड्यात मी एक गोष्ट करून घेते. तोवर ज्यांना आवाजाच्या टिक्स आहेत ते माइक बंद ठेवूनच असतात. त्या दिवशी, सगळ्यांची तयारी असेल तरच, दहा मिनिटं सर्वांचे माइक उघडे. डोळे उघडे-मिटे कसेही, करायचं फक्त ऐकणं. एका गटातली ती दहा मिनिटं मला आजही जशीच्या तशी ऐकू येतात. आधी कुठूनतरी पंख्याची घरघर. कुणाच्या शेजारी मालिकेचं शीर्षकगीत. एक खाकरणं. दूरवर रिक्षाचा हॉर्न. मग मौन शिबिरातून परत आलेल्या त्या तरुणाचा 'हं', थोडा दबलेला. नाक ओढल्याचा आवाज दोन वेगवेगळ्या घरांतून, पाठोपाठ. कुकरची एक शिट्टी, इतक्या रात्री कुणी काय शिजवत होतं कोण जाणे. पुन्हा 'हं', या वेळी न दबलेला. कुत्रं भुंकलं. दहा मिनिटं संपल्यावर मी विचारलं, काय काय ऐकलंत? माळ्यावरच्या बाईंनी यादी सांगितली: पंखा, मालिका, कुकर, कुत्रं. "आणि?" "आणि दोघा-तिघांना सर्दी झालीय," असं त्या म्हणाल्या आणि मग त्यांच्याच लक्षात येऊन हसू लागल्या. तो तरुणही हसला. त्याचा आवाज आठ घरांत गेला होता आणि कुणाचीही पाठ ताठ झाली नव्हती.

टिक्स कमी होतात का? काहींच्या होतात. काहींच्या आठवड्या-पंधरवड्यापुरत्या होऊन पुन्हा वाढतात, कारण चढ-उतार हा टिक्सचा स्वभावच आहे, आणि उताराचं श्रेय प्रशिक्षणाला देऊन टाकणं मला पटत नाही. मला खात्रीने जो बदल दिसतो तो टिक होऊन गेल्यानंतरच्या क्षणातला. एक गृहस्थ सहकारी बँकेत रोखपाल आहेत. नोटा मोजताना मानेला झटका आला की ते आधी समोरच्या ग्राहकाच्या तोंडाकडे पाहायचे. त्याने पाहिलं का? त्या नादात मोजणी चुकायची, बंडल पुन्हा मोजावं लागायचं, रांगेत कुणीतरी 'चला ओ साहेब' म्हणायचं, आणि त्या ताणाने पुढचा झटका अधिक जोरात. सगळं मिळून दहा-बारा सेकंदांचं. त्यांनी सराव केला तो एवढाच की झटका येऊन गेला की लक्ष ग्राहकाच्या चेहऱ्याकडे न जाता आधी काउंटरखालच्या आपल्या तळपायांकडे न्यायचं आणि मग बोटांतल्या नोटेकडे. झटके त्यांना अजून येतात. बंडल मात्र पुन्हा मोजावं लागत नाही. पूर्वी ते घरी येऊन बायकोला दिवसभरात कुणी कसं पाहिलं ते सांगायचे. आता सांगायला फारसं काही नसतं, असं त्यांच्या पत्नीच म्हणाल्या.

सगळ्यांना मी गटात घेत नाही. मानेचे झटके इतके जोराचे असतील की हातात मुंग्या येतात, पकड ढिली होते, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञ. मानेतल्या मज्जारज्जूला इजा होऊ शकते, तिथे ध्यानधारणेत वेळ घालवणं धोक्याचं. मोठेपणी अचानक, एका दिवसात सुरू झालेल्या हालचाली असतील तरी आधी तिकडेच, त्यांचं कारण वेगळं असू शकतं. मंत्रचळ जोरात असेल, मन फार खचलेलं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांची गाठ घालून दिल्याशिवाय पुढे जात नाही. आणि चालू औषधं कुणीही गटाच्या भरवशावर बंद करायची नाहीत. ती सोडण्याची इच्छा मला कळते. काही औषधांनी गुंगी येते, वजन वाढतं. पण तो निर्णय डॉक्टरांसोबत बसून घ्यायचा असतो.

शेवटच्या आठवड्यात घरच्यांपैकी एकाला सोबत बोलावतो. हे सत्र मला सगळ्यात जास्त थकवतं आणि तरी मी ते कधी वगळत नाही. घरचे मायेपोटीच टोकत असतात. 'बघ, परत केलंस', 'मान सांभाळ', 'आता पाहुण्यांसमोर नको हं'. एका गटात सांगलीकडच्या एक आई आल्या होत्या. मुलगा तिशीतला, सॉफ्टवेअर कंपनीत, डोळे आणि खांद्याच्या टिक्स. फोन त्यांनी कपाळाच्या वर धरला होता, त्यामुळे आम्हाला त्यांचं कुंकू आणि छतच जास्त दिसत होतं. मी म्हटलं, टोकू नका, तो त्या क्षणी तुमच्या नजरेने स्वतःला पाहायला लागतो. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, नाही टोकत. पण ताई, मग जेवायला बसल्यावर मी त्याच्याशी बोलू तरी काय? इतकी वर्षं हेच बोलत आलो."

"त्याच्या कामाचं विचारा की."

"कामाचं काय विचारू? हा काय काम करतो तेच मला धड ठाऊक नाही."

दुसऱ्या चौकटीतून मुलगा म्हणाला, "अगं आई, किती वेळा सांगितलं, टेस्टिंग करतो." आणि मग सगळ्यांसमोर त्याने सांगायला घेतलं. दुसऱ्या लोकांनी केलेला प्रोग्राम आपल्याकडे येतो, तो मुद्दाम वेडावाकडा वापरून बघायचा, कुठे अडतो ते हुडकायचं. पैसे भरायच्या जागी अक्षरं टाकायची, एकच बटण दहादा दाबायचं, मध्येच इंटरनेट तोडायचं. सांगताना खांदा उडत होता, डोळे मिटत होते, तो सांगत राहिला. आईने फोन आता डोळ्यांसमोर सरळ धरला होता.

"म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या," त्या म्हणाल्या.

"हो, तसंच."

"आणि ते लोक चिडत नाहीत होय रे तुझ्यावर?"